खेळ चालवणाऱ्याने शेवट ठरवू नये

विहारातील शिबिरात भूमिकांचा खेळ घेताना आपले कार्यकर्ते शेवट आधीच ठरवून बसतात. मग ते नाटक होते. अमेरिकेत १९७४ साली निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात चालवणारा प्रसंग सांगतो व विचारतो, “आता तुम्ही काय करता?” पुढचे खेळाडूंवर.

राक्षस-गुहा आपल्याला कशाला? राजापेठेतून अंबादेवी मंदिर पायी गाठता येते. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीचा सत्याग्रह लगेच करावा की थांबावे? हाच पेच मुलांपुढे ठेवा.

मंदिराच्या पंचाची भूमिका हुशार मुलाला द्या. विरोधक लेचापेचा असला की बाकीच्यांचे डोके चालत नाही. मुले अडली तर उत्तर सांगू नका, एखादा नवा निरोप आणा. गप्प बसलेल्या मुलीला नावाने विचारा, “ताई, तुझे मत?”

मात्र जातीवाचक शिवी कोणाच्याही तोंडून वदवू नका. खेळ तासाभरात संपतो, शिवी शाळेपर्यंत पाठलाग करते. अपमान झाला एवढे सांगितले तरी आपल्या मुलांना कळते.

परिषदेत सत्याग्रह तूर्त पुढे ढकलण्याचे ठरले होते. मुलांनी वेगळे ठरवले तर ठरवू द्यावे. हा इतिहास नंतर सांगावा.