हाड, धातू आणि मधली रेघ

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडात धातूची दांडी ठोकून बसवतात. ती किती भार उचलेल आणि हाडाच्या वाट्याला किती उरेल, याचे गणित संगणकावर आधीच मांडता येते. हाडाचे हजारो, कधी लाखो बारीक तुकडे पाडून त्यांची जाळी विणायची आणि प्रत्येक तुकडा कशाचा आहे ते संगणकाला सांगायचे, ही ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत. हाडांसाठी ती १९७२ पासून वापरात आहे.

गोम आहे ती ‘कशाचा आहे’ या प्रश्नात. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, हाडाच्या कठीण कवचाचा १७ ते २०, तर आतल्या जाळीदार हाडाचा अनेकदा एकाहूनही कमी. ताठ धातू भार स्वतःच वाहून नेतो आणि काम न मिळालेले हाड हळूहळू झिजते. (घरात एकानेच सगळी कामे ओढली की बाकीचे सुस्तावतात, तसेच.) सगळ्या हाडाला एकच सरासरी आकडा दिला, तर ही झीज नेमकी कुठे होईल ते कळणार कसे? म्हणून सीटी स्कॅनवरून प्रत्येक तुकड्याची घनता काढून त्याला वेगळा आकडा देतात. तरी कडेचा तुकडा अर्धा हाडात, अर्धा मज्जेत असला की त्याला मिळणारी सरासरी दोन्हींपैकी कुणाचीच नसते.

त्याहून मोठी फसगत धातू आणि हाड यांच्या सीमेवर होते. दोन्ही जाळ्यांचे सांधे एकच धरले की संगणक त्यांना घट्ट चिकटलेले समजतो. सिमेंटविना बसवलेली दांडी मात्र शस्त्रक्रियेनंतर नुसती अडकलेली असते. हाड तिच्यात रुजायला आठवडे, महिने लागतात. या काळात ती साधारण १५० मायक्रॉनहून जास्त हलत राहिली, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती वाढते आणि दांडी सैल पडते. चिकटवलेल्या प्रतिरूपात ही हालचाल शून्यच दिसणार! सोयीचे उत्तर गृहीतकातच भरलेले असते.

अमेरिकेच्या ‘एफडीए’ने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा प्रतिरूपांची विश्वासार्हता कशी तपासावी याची मार्गदर्शिका काढली. ती कंपन्यांसाठी आहे. पण रंगीत चित्रे शल्यचिकित्सकांनाही दाखवली जातात, आणि सीमा चिकटलेली धरली की घसरणारी, एवढी एक ओळ त्याखाली छापायला फारशी जागा लागत नाही.