नकाशात आमचे शेत हिरवे



परवा गुरुजींनी संगणकावर आपल्या खाडीचा नकाशा दाखवला. उपग्रहाने आकाशातून घेतलेले चित्र होते ते. शाळेचे छप्पर दिसले, देऊळ दिसले, खाडीकाठची तिवरे गडद हिरवी दिसली. मुले ओरडली, "ते बघा आमचं घर!" मी मात्र गप्प झाले. आमची भातशेती असायची, तिथेही तिवरेच होती.

घरी आजोबा म्हणाले, "पोरी, उधाणात बाहेरचा बांध फुटला. खारं पाणी शिरलं. भात गेलं नि तिवरं आली. आता ती तोडता येत नाहीत."

खरेच येत नाहीत. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की खाजगी जमिनीवरचीसुद्धा खारफुटी तोडायची नाही आणि तिच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करायचे नाही. खारफुटीचे उपग्रहावरून नकाशे करा, असे तर त्याच न्यायालयाने २००५ सालीच सांगितले होते. म्हणून काही लोक म्हणतात, "हा नकाशाच आपला वैरी."

मला तसे वाटत नाही. तिवरांची मुळे चिखल धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात. कोळंबीची नि माशांची पिल्ले त्यांच्याच आडोशाला वाढतात. बांधापुढची तिवरे तोडली तर पुढच्या उधाणाला बांध कसा टिकेल? आणि एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर राखणदार तरी कुठे कुठे पोचणार? काल हिरवे होते तिथे आज भराव पडला, हे नकाशात लगेच दिसते.

आणखी एक गंमत सांगते. 'गूगल अर्थ'मध्ये जुन्या सालांची चित्रेही असतात. गुरुजींनी मागे मागे नेऊन दाखवले. आधी शेताचे चौकोन, मग नुसते पाणी, मग हिरवे. म्हणजे नकाशाने आमचीही साक्ष दिली!

पण वरून पाहताना खाडीतले तिवर नि शेतात शिरलेले तिवर सारखेच हिरवे दिसते. ते बांध कुणाचा, कधी फुटला, हे गावानेच सांगायला हवे. म्हणून माझे म्हणणे असे : आपण मुलांनी मोठ्या माणसांबरोबर ओहोटीच्या वेळी बांधावरून फिरावे. कुठे तिवरे आहेत, कुठे खांड पडते आहे, ते तारखेसह वहीत लिहावे. वही आणि नकाशा दोन्ही ग्रामसभेत ठेवावे.

पालकांनो, रागाने तिवरांवर कोयता चालवू नका. राग बांधाच्या दुरुस्तीसाठी वापरा. खांड लहान असते तेव्हा चार टोपल्या मातीने बुजते. आमच्या शेताच्या वेळी ते कुणी पाहिलेच नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी