बाजार बंद ठेवला म्हणजे सुरक्षित झाला का?

पनवेलकरांनो, कोरोनाच्या लाटा ओसरल्या, मुखपट्ट्या कपाटात गेल्या. पण ज्या बाजारात आपण जीव मुठीत धरून भाजी घेतली, तो पुढच्या साथीला तोंड द्यायला तयार आहे का? 1852 पासून नगरपालिका असलेल्या आणि 1 ऑक्टोबर 2016 रोजी महापालिका झालेल्या या शहराने हा प्रश्न टाळू नये.

1. साथ आणि बाजार यांचे नाते जुने आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग प्रथम आढळला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. पुढच्याच वर्षी आलेला साथरोग कायदा 2020 मध्येही निर्बंधांचा आधार होता. त्यात सरकारला निर्बंध घालण्याचे अधिकार आहेत. बाजार निरोगी करण्याची सक्ती त्यात कुणावरही नाही.

2. आपला बाजार उरण नाक्यावर सुरू होत नाही, तो पहाटे वाशीत सुरू होतो. रुग्ण वाढल्यामुळे तिथली कृषी उत्पन्न बाजार समिती 11 ते 17 मे 2020 या काळात बंद ठेवावी लागली. त्याआधी चेन्नईचा कोयंबेडू बाजारही असाच बंद झाला होता. माथाडी, टेम्पोचालक, किरकोळ विक्रेता, गिऱ्हाईक ही साखळी महापालिकांच्या हद्दी ओळखत नाही. मग नवी मुंबई आणि पनवेल यांची तपासणीची यंत्रणा वेगवेगळी का असावी?

3. टाळेबंदीची घोषणाच गर्दी घडवते. 24 मार्च 2020 च्या रात्री आठ वाजता देशभराची टाळेबंदी जाहीर झाली आणि लोक दुकानांकडे धावले. ते बेशिस्त होते म्हणून नव्हे, घरात पीठ-मीठ हवे होते म्हणून. जुलैमध्ये पनवेलमध्ये पुन्हा टाळेबंदी आली. दुकाने दोनच तास उघडी ठेवली, तर दिवसभराची गिऱ्हाइके त्याच दोन तासांत दाटतात, हे समजायला तज्ज्ञ लागतो का? वेळ वाढवा, मैदाने मोकळी करा, विक्रेते विखरून बसवा. गर्दी पांगवायची ती जागा देऊन. काठीने ती फक्त पुढच्या गल्लीत सरकते.

4. हवेकडे दुर्लक्ष झाले. सुरुवातीला आपण पिशव्या धुतल्या, रस्त्यांवर औषध फवारले. विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो हे कळल्यावरही बंदिस्त मंडयांत वारा खेळतो की नाही, हे कुणी पाहिले?

5. कर्नाळ्याकडच्या वाड्यांतून रानभाजी घेऊन येणाऱ्या ताईला दिवसभर बसायचे असते. तिच्यासाठी नळ कुठे, स्वच्छतागृह कुठे? हात धुण्याचा फलक लावायचा आणि पाणी द्यायचे नाही, याला जनजागृती म्हणत नाहीत. आणि ताप आला हे तिने सांगितले, तर त्या दिवसाची चूल कशी पेटणार? आजार लपवला जातो तो अज्ञानामुळे कमी, पोटासाठी जास्त. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. साथीचे नियम त्यांच्याशी बसून ठरवा आणि आजारपणाच्या दिवसांची भरपाई त्यातच लिहा.

6. आपणही सुटत नाही. मुखपट्टी हनुवटीवर ओढून भाव करणारे आपणच होतो. म्हणूनच मागणीही आपणच करायची. प्रत्येक मंडईत किती माणसे मावतात, साथ आल्यास विक्रेते कोणत्या मैदानात बसतील, पाणी आणि तपासणी कोण पाहील, याचा आराखडा महापालिकेने जाहीर करावा आणि मंडईच्या दारावर मराठीत लावावा. त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव हवे.