‘सवयीनें आवडेल’ म्हणणारांस

पाहुण्याच्या पानांत कारल्याची भाजी वाढतांना यजमानीण जें अर्धवट क्षमायाचनेचें हसूं हसते, तसलेंच हसूं आमच्या ओळखीचे कित्येक संगीतप्रेमी एका ठराविक प्रसंगीं हसतात. प्रोग्रेसिव्ह रॉक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य संगीताची एखादी ध्वनिमुद्रिका लावावी, पहिलीं दोन-तीन मिनिटें वाद्यांचा मेळ ऐकून पाहुण्यानें मान डोलवावी, आणि गाणाऱ्यानें तोंड उघडतांच त्याच्या कपाळाला आठी पडावी, कीं यजमान घाईघाईनें म्हणतो, “आवाजाचें मनावर घेऊं नका; तो सवयीनें आवडूं लागतो.” पाहुणा सभ्य असला तर “वाद्यें फार सुरेख आहेत, गाणारा मात्र दुसरा हवा होता,” एवढेंच म्हणून चहाकडे वळतो. या दोन्ही वाक्यांवर आमचा आक्षेप आहे. आणि पाहुण्याच्या वाक्यापेक्षां यजमानाच्या वाक्यावर तो अधिक आहे.

यजमानाचें वाक्य वरवर नम्र दिसतें. परंतु त्यांत प्रतिपक्षाचा सगळा दावा कबूल केलेला असतो. आवाज वाईट आहे हें त्यानें मान्यच केलें. विनंति एवढीच कीं कानांनीं तो सोसावा. आतां सवयीनें काय सोसवत नाहीं? गिरणीच्या पाठीमागें बिऱ्हाड करणाराला चार महिन्यांनीं भोंगा ऐकूं येईनासा होतो. म्हणून भोंग्याला कोणी गवई म्हणत नाहीं. सवय ही गुणाची साक्ष होऊं शकत नाहीं. ज्याला या गायकांचा कैवार घ्यावयाचा असेल त्यानें त्यांचे आवाज त्या त्या रचनेंत कोणतें काम करतात हें दाखविलें पाहिजे. दाखवितां येत नसेल तर मुकाट्यानें पाहुण्याची बाजू घ्यावी.

हें संगीत ज्यांच्या परिचयाचें नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९६७-६८ च्या सुमारास इंग्लंडांतील कांहीं तरुण वादकांना तीन मिनिटांचें प्रेमगीत अपुरें वाटूं लागलें. युरोपीय अभिजात संगीताचा विस्तार, जॅझची मोकळीक आणि विजेच्या गिटारीचा जोर यांची त्यांनीं सांगड घातली; विषम मात्रांचे ताल योजिले; ध्वनिमुद्रिकेची अख्खी एक बाजू एकाच रचनेनें व्यापण्याचें धाडस केलें. ‘येस’ या मंडळींच्या १९७२ च्या ‘क्लोज टू द एज’ची पहिली बाजू अशी सुमारें एकोणीस मिनिटांची आहे. प्रेमगीत गाणाराचा गळा मधाळ असावा हें आम्हांस मान्य आहे. पण येथें प्रियकर रंगभूमीवरून निघून गेला होता, आणि त्याचा गळा तेवढा मागें ठेवून जावा असा हट्ट कां धरावा, हें आम्हांस कळत नाहीं.

‘गाणारा दुसरा हवा होता’ असें म्हणणारांना ठाऊक नसतें कीं हा प्रयोग प्रत्यक्ष होऊन गेला आहे. ‘येस’चे गायक जॉन अँडरसन हे लँकेशायरमधील अ‍ॅक्रिंग्टनचे. त्यांचा स्वर इतका उंच आणि निर्मळ, कीं कित्येकांस तो पुरुषाचा वाटत नाहीं, आणि ज्यांस वाटतो त्यांतील कित्येकांस तो निर्जीव वाटतो. शिवाय त्यांचीं पदें अर्थापेक्षां नादाकडे पाहून रचलेलीं. असा गायक बदलणें अगदीं सोपें दिसतें. १९८० सालीं अँडरसन बाहेर पडले आणि ट्रेव्हर हॉर्न त्यांच्या जागीं आले. हॉर्न मोठे कल्पक गृहस्थ. पण जुन्या रचनांच्या उंच जागा रोज रोज गातांना त्यांच्या गळ्याची दमछाक झाली, आणि ते लवकरच गायन सोडून ध्वनिमुद्रणाच्या दिग्दर्शनाकडे वळले. पुढें २००८ सालीं अँडरसन श्वसनाच्या विकारानें आजारी पडले. तेव्हां मंडळींनीं कोणाला आणिलें? एखाद्या भरदार, ‘चांगल्या’ गळ्याच्या माणसाला नव्हे. तर कॅनडांत ‘येस’च्याच गाण्यांची नक्कल करणाऱ्या एका संचांतील बनवा दाविद नांवाच्या गायकाला! २०१२ पासून गाणारे जॉन डेव्हिसन यांचाही गळा त्याच जातीचा आहे. ज्यांनीं या रचना निर्माण केल्या त्यांनाच तो आवाज काढून टाकतां आला नाहीं; आमचा पाहुणा मात्र चहा थंड होण्यापूर्वीं तो काढून टाकतो.

कॅनडांतील ‘रश’ या त्रिकुटाच्या गेडी ली यांच्या वांट्याला याहून अधिक निंदा आली. बेस गिटार, पायानें वाजवावयाच्या खर्जाच्या पट्ट्या, कळफलक आणि गायन हीं सर्व कामें एकट्यानें करणारा हा मनुष्य; पण समीक्षकांनीं त्याच्या टिपेच्या स्वरासाठीं सारें पशुपक्षिसंग्रहालय उपमेला आणिलें. आम्ही या निंदकांना १९७६ ची ‘२११२’ ही सुमारें वीस मिनिटांची रचना एकदां लक्ष देऊन ऐकावयास सांगूं. तींत भविष्यकाळांतील एका पुरोहितवर्गाची सत्ता आहे. एका तरुणाला जुनी गिटार सांपडते, तो ती हळूहळू लावतो, स्वर शोधतो, आणि पुरोहितांपुढें नेतो. ते ती धुडकावून लावतात. ली हे पुरोहितांचें बोलणें फाटक्या, कर्कश टिपेनें गातात आणि त्या तरुणाचें बोलणें मृदु, जवळजवळ घरगुती स्वरांत. म्हणजे कर्कशपणा हा गळ्याचा अपघात नसून पात्राचा पोशाख आहे. कंसाच्या भूमिकेंतल्या नटाला कृष्णाची मुरली कां वाजवीत नाहीं म्हणून कोणी जाब विचारीत नाहीं.

अर्थात् या पक्षाचेंही चुकतें. १९७८ च्या ‘हेमिस्फिअर्स’च्या वेळीं या मंडळींनीं वाद्यांचा भाग आधीं पुरा केला आणि गायनाची पट्टी पाहिलीच नाहीं, गावयास उभे राहिल्यावर ली यांना कळलें कीं ती आपल्या गळ्यालाही फार उंच आहे. ती ध्वनिमुद्रिका ऐकतांना ताण जाणवतो तो खरा ताण आहे, आणि त्याला अभिव्यक्ति म्हणणें ही भक्तांची भाबडी वकिली होय. स्वतः ली यांनीं १९८० च्या ‘पर्मनंट वेव्ह्ज’पासून आपला स्वर बराच खालीं आणिला. गायकाला स्वतःच्या गळ्याविषयीं जितका विवेक होता तितका त्याच्या निंदकांना नव्हता, आणि भक्तांनाही नव्हता. दुर्बोधता हीच ज्यांना प्रतिष्ठा वाटते, आणि जें ऐकवत नाहीं तें ऐकूं शकतों म्हणून जे मिशांवर ताव देतात, त्यांच्याशीं आमचें कांहीं एक सख्य नाहीं, हें येथें स्पष्ट करतों.

‘व्हॅन डर ग्राफ जनरेटर’चे पीटर हॅमिल यांच्या बाबतींत मात्र आम्ही एक पाऊलही मागें घेणार नाहीं. १९७१ च्या ‘पॉन हार्ट्‌स’ या ध्वनिमुद्रिकेंत दीपगृहाच्या राखणदारावर तेवीस मिनिटांची एक रचना आहे. डोळ्यांदेखत गलबतें फुटतात, माणसें बुडतात, आणि हा दिवा सांभाळण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहीं. त्या एकांतांत त्याची बुद्धि चळूं लागते. हॅमिल एकाच ओळींत कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातात. मधेंच पाद्र्याच्या समूहगायनासारखा शांत स्वर लावतात आणि दुसऱ्या क्षणीं तो मोडतात. या राखणदाराला मंजुळ गळा दिला तर त्याचें वेड खोटें ठरेल. इटलींत इंग्रजी फारच थोड्यांना कळत होतें; तरीही १९७२ सालीं ही ध्वनिमुद्रिका तेथें विक्रींत पहिल्या क्रमांकावर गेली. शब्द न कळणाऱ्यांना जर कांहीं पोंचलें असेल तर तें याच गळ्यांतून पोंचलें. इतकेंच नव्हे, तर या संगीताची यथेच्छ टवाळी करणारे जे पंक पंथाचे तरुण, त्यांचे अध्वर्यु जॉन लायडन यांना १९७७ सालीं लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या ध्वनिमुद्रिका वाजविण्यास बोलाविलें, तेव्हां त्यांनीं हॅमिल यांचीं गाणीं निवडलीं.

राहतां राहिले रॉबर्ट वायट. हे ‘सॉफ्ट मशीन’चे ड्रमवादक आणि गायक. १ जून १९७३ रोजीं एका मेजवानींत ते चवथ्या मजल्याच्या खिडकींतून खालीं पडले आणि कमरेखालीं कायमचे पंगु झाले. पायांनीं वाजवावयाचे ड्रम संपले. उरला गळा, आणि तोही बारीक, कांपरा, बोलण्याच्या अगदीं शेजारीं राहणारा. १९७४ च्या ‘रॉक बॉटम’मध्यें शब्द संपले कीं हा गळा निःशब्द स्वरांनीं वर चढत जातो, आणि ऐकणाराला आपण कोणाचें खासगी दुःख चोरून ऐकतों आहों कीं काय असें वाटूं लागतें. आमच्या महाराष्ट्रांतील श्रोत्यांना तरी हें नवें वाटूं नये. कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यांतून उठून, वर्षानुवर्षांच्या मौनानंतर पुन्हां गावयास बसले, तेव्हां त्यांच्या तुटक, एकाएकीं उसळणाऱ्या स्वरवाक्यांना नाकें मुरडणारे होतेच. आज त्यांचींच नातवंडें त्या गाण्यासाठीं जीव टाकतात. तेथें आपण ‘सवय झाली’ असें म्हणत नाहीं. तें गाणें आम्हांस समजलें असें म्हणतों. मग वायट यांच्या वांट्याला सवयीची भीक कां?

त्याच १९७४ सालीं वायट यांचें एक लोकप्रिय गाणें चालूं लागलें, आणि बी.बी.सी.नें त्यांना दूरचित्रवाणीवरील ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमांत बोलाविलें. तेथील निर्मात्याची गाण्याविषयीं तक्रार नव्हती. चाकांची खुर्ची कुटुंबवत्सल प्रेक्षकांच्या दृष्टीला बरी दिसणार नाहीं, तेव्हां साध्या खुर्चीवर बसून गावें, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. वायट संतापले, भांडले, आणि चाकांच्या खुर्चींत बसूनच गायले.