टाकी ज्याची, भाव त्याचा

सांप्रत जगात द्राक्षे पिकविणाऱ्याचे दिवस बरे नाहीत, आणि वाईनची द्राक्षे पिकविणाऱ्याचे तर मुळीच बरे नाहीत. २०२४ साली साऱ्या जगात मिळून सुमारे २१४० कोटी लिटर वाईन खपली. १९६१ नंतर इतका कमी खप कधी झाला नव्हता. फ्रान्सच्या सरकारने २०२३ साली शिलकी वाईनचे औद्योगिक अल्कोहोल करून टाकण्यासाठी २० कोटी युरो बाजूला काढले. बोर्दोसारख्या नामांकित मुलखात शेतकऱ्यांना वेली उपटण्यासाठी पैसे देण्याची वेळ आली. चीनने मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाईनवर २१८ टक्क्यांपर्यंत जकात बसविली आणि मार्च २०२४ मध्ये ती उठविली. परंतु मधल्या तीन वर्षांत तेथील टाक्या तुडुंब भरल्या आणि तांबड्या द्राक्षांचे भाव उत्पादनखर्चाच्याही खाली गेले.

एनिसमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला याचे काय, असे कोणी विचारील. क्लेअर परगण्यात द्राक्षाचा मांडव दिसत नाही. येथे गवत, गाई आणि पाऊस. परंतु आपल्यापैकी कित्येकांचे चुलते, मामा, मेहुणे निफाड, दिंडोरी, नारायणगाव, तासगाव या भागांत बागा राखून आहेत. शिवाय ही वाईन शेवटी ज्या फळीवर येऊन बसते ती फळी आपल्या रोजच्या वाटेवरच्या दुकानात आहे. वाईन प्यावी की पिऊ नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आपल्यापुढील प्रश्न आहे तो पिकविणाऱ्याच्या पदरात काय पडते हा.

त्या फळीवरची सर्वांत स्वस्त बाटली घ्या. आयर्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून मद्याला किमान किमतीचा कायदा लागू आहे. त्या हिशेबाने साडेबारा टक्के अल्कोहोलची पाऊण लिटरची बाटली ७ युरो ४० सेंटच्या खाली विकता येत नाही. त्यात अबकारी कर सुमारे ३ युरो १९ सेंट आणि २३ टक्के दराने व्हॅट सुमारे १ युरो ३८ सेंट. उरले पावणेतीन युरोंच्या आसपास. त्यातून दुकानदार, घाऊक व्यापारी, जहाज, काच, बूच, लेबल आणि वाईन करणारा या सर्वांची वाटणी झाल्यावर वेलीच्या मुळाशी काय पोहोचत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अशा स्वस्त वाईनपैकी बरीच बाटलीतून प्रवास करीतच नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये चोवीस हजार लिटरची एक भली मोठी पिशवी ठेवतात, तीत वाईन भरतात आणि ती खरेदीदाराच्या देशात नेऊन तेथे बाटल्यांत ओततात. हा घाऊक वाईनचा व्यापार. बाटल्या भरून नेल्या तर त्याच कंटेनरात निम्म्याहूनही कमी वाईन मावते, म्हणून हा मार्ग स्वस्त. पण या मालाला गाव नसते, नाव नसते; चिलीची महाग पडली तर स्पेनची, स्पेनची महाग पडली तर ऑस्ट्रेलियाची. जेथे नाव नाही तेथे भाव एकच, आणि तो सर्वांत गरजू विक्रेत्याचा!

आता या बाजारात शेतकरी कोठे उभा असतो ते पाहा. खाण्याच्या द्राक्षाला चार वाटा असतात. निर्यात झाली नाही तर मुंबईचा बाजार, मुंबईत पडेल भाव आला तर गावचा व्यापारी, तोही नाही तर बेदाणा. वाईनच्या द्राक्षाला एकच वाट, ती म्हणजे वायनरीचे फाटक. शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यो या जातींचे मणी लहान, बियांचे, जाड सालीचे; ते हातगाडीवर कोणी घेत नाही. साखर भरली की घड उतरवावाच लागतो आणि उतरवला की लगोलग गाळावा लागतो. शेतकऱ्याला एक दिवसाची सवड नसते. टाकीच्या मालकाला मात्र वर्षाची असते. म्हणून टाकी ज्याची, भाव त्याचा.

महाराष्ट्राने हे एकदा भोगले आहे. शामराव चौगुले यांनी नारायणगावला १९८० च्या दशकात वाईनचा उद्योग उभा केला. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला सुरू केली आणि २००० साली तिची पहिली वाईन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रिया धोरण जाहीर केले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क काढले. गावोगाव वाईनच्या द्राक्षाची लागण झाली. मग २००८ साली जगात मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाईनचा उठाव थंडावला. टाक्या भरलेल्या, नवा हंगाम दाराशी. काही वायनऱ्यांनी माल नाकारला, काहींनी पैसे थकविले. तीन-चार वर्षे पोटच्या पोरासारख्या वाढविलेल्या वेली शेतकऱ्यांनी उपटल्या किंवा त्यांवर खाण्याच्या द्राक्षाची कलमे बांधली. तोटा मंदीमुळे झाला हे खरे. पण तो ज्याच्या हाती कसलाच निर्णय नव्हता त्याच्या माथी आला, तो मंदीमुळे नव्हे.

यावर आमच्याकडे वाद कसला झाला? २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचे ठरविले. सरकार म्हणाले, हे शेतकऱ्यासाठी. विरोधकांनी समाजाच्या आरोग्याचा आणि नीतीचा प्रश्न काढला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आलाच नाही. बाटली कोठे विकावी यावर एवढी चर्चा झाली. पण द्राक्षाचे पैसे किती दिवसांत द्यावेत, हे दोन्ही बाजूंच्या बोलण्यात फारसे ऐकू आले नाही. उसाला तो नियम आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. वाईनच्या द्राक्षाला असे कोणतेच कवच नाही.

येथे क्लेअरच्या गवळ्यांकडून शिकण्यासारखे आहे. दूधही द्राक्षासारखेच नाशवंत. खासगी लोणीवाला देईल तो भाव घ्यावा लागे. म्हणून शेजारच्या लिमरिक परगण्यात, ड्रमकॉलोहर येथे १८८९ साली होरेस प्लंकेट यांच्या चळवळीतून पहिली सहकारी क्रीमरी निघाली. आणि हा केवळ इतिहास नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये केरी सहकारी संस्थेच्या सभासदांनी आपला दूधधंदा मोठ्या कंपनीकडून परत विकत घेण्यास मंजुरी दिली. दक्षिण फ्रान्सच्या मारोसाँ गावी द्राक्ष बागायतदारांनी १९०१ सालीच सहकारी वाईन तळघर काढले होते.

सहकार म्हणजे जादू नव्हे. आज युरोपातील सहकारी तळघरेही भरलेल्या टाक्यांपुढे हतबल आहेत, आणि आमच्या साखर कारखान्यांत राजकारणाने काय केले ते सांगण्याची गरज नाही. तरीही फरक आहे. टाकीत आपला वाटा असला तर टाकी भरत आल्याचे शेतकऱ्याला छाटणीच्या आधी कळते. नसला तर फाटकावर, ट्रॅक्टर उभा असताना कळते.

तेव्हा मागण्या तीनच. एक, किमान भाव, साखरेच्या अंशाचा नियम आणि पैसे देण्याची तारीख यांसह नोंदणीकृत करार असावा. दोन, सरकार वाईनवरील वीस टक्के मूल्यवर्धित करापैकी सोळा टक्के वायनऱ्यांना परत देण्याची योजना चालविते. हा परतावा बागायतदारांची देणी फिटल्याच्या दाखल्यावरच मिळावा. तीन, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने खाण्याच्या द्राक्षात शेतकऱ्यांची कंपनी करून दाखविली. वाईनच्या द्राक्षातही टाक्यांची मालकी अशा कंपनीकडे यावी. २००१ साली वाईन पार्क काढणाऱ्या सरकारला हे अवघड नाही.

तोवर गावाकडून फोन आला आणि एखाद्या भाच्याने विचारले, मामा, वाईनची द्राक्षे लावू का, तर त्याला जातीचे, पाण्याचे, मातीचे नंतर विचारा. आधी एवढेच विचारा: टाकीत तुझा वाटा किती?