आधी न्याय, मग नांगराचा फाळ

नाताळ जवळ आला की चर्चमधून यशया संदेष्ट्याचा नववा अध्याय वाचला जातो. जन्माला येणाऱ्या एका बाळाला त्यात शांतीचा अधिपती ही पदवी दिली आहे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात तलवारींचे फाळ होतील आणि राष्ट्रे युद्धाची विद्या विसरतील, असे भाकीत आहे. भंडारा जिल्ह्यात बसून हे वाचणाऱ्याला दोन गावे आठवल्यावाचून राहत नाहीत. एक जवाहरनगर. तिथल्या आयुध निर्माणीत सैन्यासाठी स्फोटके तयार होतात आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तिथल्याच स्फोटात कामगारांचे बळी गेले. दुसरे मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. तिथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावच्याच लोकांनी ठार मारले. ज्याच्या येण्याने शांती येणार होती तो येऊन दोन हजार वर्षे झाली. मग ती शांती गेली कुठे, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही. श्रद्धावंताने तर हा प्रश्न सर्वांच्या आधी स्वतःला विचारायला हवा. माझे म्हणणे असे की भाकीत खोटे पडलेले नाही, ते अर्धेच वाचले जात आहे. त्यात शांतीच्या आधी न्याय येतो. न्यायाची पायरी गाळून शांती मागणाऱ्याला त्या भाकिताचा आधार घेता येत नाही, आणि तशी शांती दिसली नाही म्हणून भाकीत खोटे, असेही म्हणता येत नाही.

मूळ मजकुराचा क्रम पाहावा. यशयाच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौथ्या वचनात आधी देव राष्ट्राराष्ट्रांमधला न्यायनिवाडा करतो, लोकांच्या तंट्यांचा निकाल देतो, आणि त्यानंतरच लोक आपली शस्त्रे भट्टीत घालतात. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या समोर एका भिंतीवर हे वचन कोरलेले आहे, पण ते सुरू होते तलवारी आणि फाळांपासून. निवाड्याचा पहिला भाग त्या दगडावर नाहीच. याच वचनावर आधारलेला येव्हगेनी वुचेतिचचा पुतळा सोव्हिएत संघाने १९५९ साली संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिला. त्यात घण उगारलेला माणूस आहे, पण तो कुणाच्या निकालानंतर घण उगारतो आहे हे शिल्पातून कळायला मार्ग नाही. सगळ्या जगाने हे वचन असेच अर्धे पाठ केले आहे. त्या प्रतिमेतले लोहारकामही समजून घेण्यासारखे आहे. तलवार बोथट केली किंवा म्यान करून आढ्याला टांगली म्हणून तिचा फाळ होत नाही. तिला भात्यापुढे लाल होईपर्यंत तापवावे लागते, ऐरणीवर धरून तिच्यावर घणाचे घाव घालावे लागतात. लोखंड मात्र तेच राहते. त्याचा कणखरपणा जात नाही, तो जमीन फोडायच्या कामी येतो. अन्याय सोसलेल्या माणसाचा संतापही असाच लोखंडासारखा असतो. तो थंड करणे ही भाकितातली शांती नव्हे. तो कामाला लावणे ही ती शांती. लोखंड उलट्या दिशेनेही वळते, हे बायबलला ठाऊक आहे. योएल संदेष्टा फाळांच्या तलवारी करण्याची हाक देतो आणि काही टीकाकार तेवढ्यावर बोट ठेवून बायबल स्वतःलाच खोडते, असे म्हणतात. पण योएलची ती हाक राष्ट्रांना न्यायासाठी उभे करतानाची आहे. निवाडा झालेला नसेल तोवर फाळ पुन्हा तलवार होऊ शकतो, हेच त्यातून सिद्ध होते.

सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप यहुदी विद्वानांचा आहे. १२६३ साली बार्सिलोना येथे राजा जेम्स पहिला याच्यासमोर झालेल्या वादात रब्बी नाखमनिदेस यांनी तो निर्भयपणे मांडला. मसीहाच्या काळी युद्ध संपायचे होते. येशूच्या काळापासून मात्र जग हिंसेने भरलेले आहे आणि रक्त सांडण्यात ख्रिस्तीच पुढे आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. त्याला घाईने उत्तर देऊ नये, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. मात्र हा प्रश्न ख्रिस्ती लोकांना तेराव्या शतकात पहिल्यांदा पडला असे नाही. दुसऱ्या शतकातला जस्टिन, जो पुढे रोममध्ये हुतात्मा झाला, त्याने त्रुफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहून ठेवला आहे. त्यात तो सांगतो की संदेष्ट्यांनी मसीहाची दोन आगमने वर्णिली आहेत, एक दीनतेचे आणि एक वैभवाचे. पहिल्याने जे सुरू झाले ते दुसऱ्याने पुरे होणार आहे. इथे लगेच कुणी म्हणेल की ही तर उधारी झाली. जे भाकीत फळले नाही ते दुसऱ्या येण्याच्या खात्यावर टाकायचे. पुराव्यात विसार नसता तर हे म्हणणे खरे ठरले असते. जमिनीच्या व्यवहारात विसार दिला की खरेदीखत व्हायचे असले तरी सौदा बांधला जातो, आणि पौलाने आपल्या पत्रांत नेमका हाच शब्द वापरला आहे. जस्टिन दाखवतो तो विसार असा: पूर्वी एकमेकांचे वैरी असलेले, दुसऱ्या टोळीच्या माणसाबरोबर एका छपराखाली न राहणारे लोक आता एकत्र राहतात, शत्रूसाठी प्रार्थना करतात, आणि आपल्या तलवारींचे फाळ झाले असे स्वतःविषयी सांगतात. हे लिहिणारे लोक सत्तेवर नव्हते. रोमच्या तलवारीखाली मरत होते. हातात शस्त्र नसताना शांतीच्या गोष्टी करणे सोपे असते हे मान्य. पण छळ होत असताना सूड न घेणे सोपे नसते.

दुसरा आक्षेप ख्रिस्ताच्याच तोंडचा आहे. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की आपण शांतता आणायला नव्हे तर तलवार चालवायला आलो आहोत, आणि मुलगा बापाच्या, सून सासूच्या विरुद्ध उभी राहील. याचा अर्थ मराठी वाचकाला परक्या देशात शोधावा लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जाताना ज्या लोहमार्गावरून गेले तो याच जिल्ह्यातून, आजच्या भंडारा रोड स्थानकावरून पुढे जातो. त्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचा ताबा घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि त्या काळातली तगमग त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तलवार चालली ती अशी. पण तिने काय कापले, ते त्याच पुस्तकात पुढे सापडते. नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे कडक होते, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मग त्यांच्या मनात विचार चालू झाला की माणूस देवाने केला, मग जाती कुणी केल्या? आणि कुणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधी केला. पुढे १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे तलवारीने घराबरोबर घागरीभोवतीची रेघही कापली. ती रेघ असताना त्या घरात जी शांतता होती ती एका माणसाला दुसऱ्याच्या पाण्यापासून दूर ठेवून मिळवलेली होती. ख्रिस्त तशी शांतता मोडतो. मोडल्याशिवाय पुढची उभी राहत नाही.

आता आमच्याच घरातला दोष. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले आणि ते १८१२ साली कायमचे बंद होईपर्यंत ख्रिस्ताच्या नावाने माणसांना तुरुंगात टाकले गेले, छळले गेले, जाळले गेले. मराठीतही १८३०च्या दशकात मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांच्यात, नंतर १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात वाद रंगले. त्यातून विद्वत्ता पुष्कळ निघाली, पण दुसऱ्याची दैवते हिणवून शांतीचा अधिपती कुणाच्या मनात बसत नाही, हे त्या मिशनरींनी फार उशिरा ओळखले. आणि जात तर चर्चच्या बाकापर्यंत आली. या सगळ्यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते: दोष ख्रिस्त्यांचा, ख्रिस्ताचा नव्हे. मला ते पुरेसे वाटत नाही. झाडाची ओळख फळावरून होते, हा दंडक ख्रिस्तानेच घालून दिला आहे. मग या फळांवर निवाडा कुठल्या मापाने करायचा? गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक पंगत आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली तसा तो भ्यायला आणि पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर दोष दिला. प्रेषितांमधला सर्वांत ज्येष्ठ माणूस विटाळाच्या भीतीने ताटावरून उठतो आणि मंडळीची शांतता बिघडेल याची पर्वा न करता दुसरा प्रेषित त्याला अडवतो. ख्रिस्ताने दोन समाजांमधली भिंत पाडली, असे जे इफिसकरांस पत्रात म्हटले आहे, त्याचा अर्थ त्या ताटापाशी कळतो. गोव्याचे न्यायालय, चर्चमधली जात, या सगळ्यांना दोषी ठरवणारे माप बाहेरून आणावे लागत नाही, ते याच पुस्तकात आहे. ज्यांनी ते वापरले नाही त्यांनी विसार बुडवला. पण विसार बुडवणाऱ्यामुळे सौदा खोटा ठरत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न खैरलांजीचा. गावच्या भांडणात शेतातून वाट देण्याचा वाद होता, जात होती, आणि शेजारच्या गावातल्या पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत या आईने आणि मुलीने दिलेली साक्ष होती. आरोपी जामिनावर सुटून आले त्याच दिवशी हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा ठेवली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. या कुटुंबातले वाचलेले वडील भैय्यालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये वारले तोवर त्यासाठी भांडत होते. अशा माणसापुढे जाऊन क्षमा करा, शांत व्हा, असे सांगणे हा ख्रिस्ताचा संदेश आहे काय? मुळीच नाही. जखम भरलेली नसताना सारे ठीक आहे असे सांगणाऱ्या धर्मगुरूंवर यिर्मयाने कोरडे ओढले आहेत. क्षमा जखमी माणसाने स्वतः द्यायची असते, दुसऱ्याने त्याच्याकडून वसूल करायची नसते. आणि क्षमेने खटला संपत नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर येथे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे गाडीत जिवंत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. कायद्याने त्यांना शिक्षा केली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरीला अडवले नाही. क्षमेने सूड संपवला, न्यायालयाने गुन्ह्याला गुन्हा म्हटले.

जखऱ्या संदेष्ट्याच्या भाकितातला राजा गाढवावर बसून येतो आणि एफ्राइमातून रथ, यरुशलेमेतून लढाईचे घोडे काढून टाकतो. मराठी माणसाला गाढवावर बसवलेला माणूस म्हटले की धिंडच आठवते. त्या देशात मात्र गाढव मानाचेच, शांततेच्या काळातले वाहन होते, म्हणून हा आपला गैरसमज आहे असे कुणी विद्वान सांगेल. ते बरोबरच आहे. पण ख्रिस्त असा गाढवावरून यरुशलेमेत आल्यावर पाच दिवसांनी त्याच राजाला जांभळी वस्त्रे घालून, डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवून त्याची थट्टा केली आणि मग त्याला शहराबाहेर नेले. आपल्याला आठवलेली धिंड शेवटी खरीच निघाली. या जिल्ह्यातल्या कुठल्याही झोडपलेल्या माणसाला इथे एक गोष्ट मिळते जी दुसरे कोणतेही न्यायपीठ देत नाही: ज्याच्यापुढे शेवटचा निवाडा व्हायचा आहे तो न्यायाधीश स्वतः अन्यायाने मारला गेलेला आहे. मारेकऱ्याला त्याच्याच डोळ्याला डोळा भिडवायचा आहे, आणि अन्याय सोसलेल्याला सूड त्याच्या हाती सोपवता येतो. अन्याय विसरा असे कुणी त्याला सांगत नाही. ख्रिस्ताच्या येण्याने सुडाची साखळी तुटते ती या ठिकाणी.

आणखी एक आक्षेप उरतो आणि तो आदराने घ्यायला हवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले; दोन वर्षांनी नागपुरात त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्धच्या लढ्यात उतरत नाही, ही त्यांची टीका खरी होती. संविधान आणि धम्म हाती असताना ख्रिस्ताची गरज काय, असे त्यांचा अनुयायी विचारू शकतो. मी एवढेच म्हणतो की संविधानाने न्यायाचा जो दरवाजा उघडला तो यशयाच्या वचनाच्या पूर्वार्धाचेच काम करतो आहे, आणि ख्रिस्ती माणसाने त्या दरवाजाशी आधी उभे राहायला हवे होते. पण निकालानंतरची गोष्ट उरते. न्यायालय पंचवीस वर्षे देऊ शकते. मारेकऱ्याचे आणि मारल्या गेलेल्याचे घर पुन्हा शेजारी शेजारी कसे राहायचे, हे निकालपत्रात लिहिता येत नाही. मीखा संदेष्ट्याने फाळांचे तेच वचन देऊन त्याला एक ओळ जोडली आहे. तिचा आशय असा की प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली, आपल्या अंजिराखाली बसेल आणि त्याला भेडसावणारा कुणी नसेल. वैनगंगेच्या खोऱ्यात द्राक्षवेल नाही, धानाच्या बांध्या आहेत. त्या ओळीचे इथले भाषांतर करायचे तर असे होईल: स्वतःच्या बांधीच्या धुऱ्यावर बसलेली एक बाई, तिची मुले, आणि तिच्या शेतातून जाणाऱ्या वाटेने येणारा माणूस, ज्याला पाहून ती उठून उभी राहत नाही.