वस्तींतलें चित्रगृह : पाडावें कीं राखावें?

ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आला, ही गोष्ट आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्याच महिन्याच्या २६ तारखेस स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅम्पबेलटाउन नांवाच्या लहानशा गांवांत एक चित्रगृह उघडलें, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असेल. दोन्ही चित्रगृहांचा जन्म एकाच काळांतला. पण आपल्या चित्रपटाचा पाळणा जेथें हालला, तें कॉरोनेशन आज उरलेलें नाहीं. आणि पांच हजारांहून कमी वस्तीच्या त्या गांवांतील चित्रगृह शंभरी ओलांडून अद्याप उभें आहे. असें कां व्हावें, याचा विचार आजच्या लेखांत करावयाचा आहे.

हा विषय कौटुंबिक मासिकांत कशाला, अशी शंका एखाद्या वाचकास येईल. पण ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत, त्या घरांत हा प्रश्न रोज जेवतांना निघण्यासारखा आहे. आजोबांनीं ज्या चित्रगृहांत 'संत तुकाराम' पाहिला, सासूबाई दुपारच्या खेळास शेजारणींसह जेथें जात, तें चित्रगृह कुलूप लावून उभें आहे. आणि घरांतील नातवंडें आपापल्या हातांतील लहानशा पडद्यावर वेगवेगळे चित्रपट एकेकटींच पाहत आहेत. सन १९८२ नंतर रंगीत दूरचित्रवाणी घरोघर आली, १९९७ पासून बहुपडदा चित्रगृहें निघूं लागलीं, आणि पुढें चित्रपट थेट घरांतच उतरूं लागला. सातआठशें खुर्च्यांच्या दालनांत तीसचाळीस प्रेक्षक बसूं लागल्यावर विजेचें बिलही निघत नाहीं. उलट जागेची किंमत मात्र दरवर्षीं वाढतच राहते. अशा वेळीं मालकानें इमारत विकावयास काढली, तर त्याला दोष देणें सोपें आहे. त्याच्या जागीं आपण असतों तर काय केलें असतें, हें सांगणें कठीण.

तरीपण कांहीं ठिकाणीं अशीं चित्रगृहें वांचलीं आहेत, आणि त्यांतील कित्येक आज नाटक, गायन, व्याख्यान व चित्रपट या सर्वांचें एकत्र घर झालीं आहेत. तीं वांचलीं त्याचे मार्ग पाहूं गेल्यास मुख्यतः तीन दिसतात. एक मार्ग लोकांचा, दुसरा नगरपालिकेचा, आणि तिसरा मालकाचा.

पहिल्या मार्गाचें उदाहरण कॅम्पबेलटाउन हेंच. तेथील चित्रगृह आल्बर्ट गार्डनर या वास्तुविशारदानें बांधलें. आरंभीं त्यांत ६४० आसनें होतीं. पुढें नूतनीकरणाच्या वेळीं पडद्याच्या दोन बाजूंस दोन चिमुकल्या घरांच्या प्रतिकृति बसविण्यांत आल्या. प्रेक्षकांस आपण एखाद्या अंगणांत बसलों आहों असें वाटावें, हा त्यांतील हेतु. सन १९८६ मध्यें तें बंद पडलें. तेव्हां गांवकऱ्यांनीं आपसांत संस्था स्थापिली, इमारत हातीं घेतली, आणि १९८९ मध्यें ती पुन्हा उघडली. सुमारें पंचवीस वर्षें त्यांनीं ती जशी जमेल तशी चालविली. मग २०१४ मध्यें दारें बंद करून समूळ दुरुस्ती केली व २०१७ च्या डिसेंबरांत तीं पुन्हा उघडलीं. या कामास सुमारें ३५ लक्ष पौंड लागले. ही रक्कम एवढ्याशा गांवाच्या खिशांतून निघालेली नाहीं. राष्ट्रीय लॉटरीच्या वारसानिधींतून व इतर ठिकाणांहून ती मिळाली. परंतु हा पैसा मिळण्यापूर्वीं गांवानें पंचवीस वर्षें दिवा तेवत ठेविला होता, हें विसरतां कामा नये. मदत पुढून येते. पण ती येईपर्यंत कोणीतरी दार उघडें ठेवावें लागतें.

दुसऱ्या मार्गाचें उदाहरण अमेरिकेंतील टॅम्पा शहराचें. तेथील चित्रगृह जॉन एबरसन यानें १९२६ मध्यें बांधलें. त्याच्या छताकडे पाहिलें असतां रात्रीचें आकाश व त्यांत लुकलुकणारे तारे दिसतात. सन १९७३ च्या सुमारास तें पाडलें जाणार असा रंग दिसूं लागला. नागरिकांनीं आवाज उठविला. तेव्हां शहराच्या कारभाऱ्यांनीं भाडेपट्टा आपल्या शिरावर घेतला, आणि कार्यक्रम ठरविण्याचें काम जिल्ह्याच्या कलामंडळाकडे सोंपविलें. १९७८ च्या जानेवारींत चित्रगृह पुन्हा सुरू झालें. येथें महत्त्वाची गोष्ट ही कीं इमारत सांभाळणारा एक आणि रंगमंच चालविणारा दुसरा, अशी कामाची वांटणी झाली. नगरपालिकेस छप्पर गळतें कीं नाहीं हें कळतें. कोणता गवई बोलवावा हें तिला कळेलच असें नाहीं.

तिसरा मार्ग आपल्या मुंबईंतच पाहावयास मिळतो. चर्नी रोडजवळील रॉयल ऑपेरा हाउस या वास्तूची कोनशिला १९०९ मध्यें बसली, आणि १९११ मध्यें, बांधकाम चालू असतांनाच, पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांचे आवाज या वास्तूनें ऐकले. पुढें बोलपट आले, आणि १९३५ च्या सुमारास तें चित्रगृह बनलें. सन १९५२ मध्यें गोंडल संस्थानच्या राजघराण्यानें तें विकत घेतलें. १९९३ मध्यें तें बंद पडलें व वीसबावीस वर्षें धूळ खात राहिलें. मालकांनीं तें पाडलें नाहीं. आभा नारायण लांबा या वास्तुसंवर्धकांच्या देखरेखीखालीं प्रथम इमारतीचा सांगाडा, आणि मग आंतील सजावट, अशा क्रमानें काम झालें. ऑक्टोबर २०१६ मध्यें पडदा पुन्हा वर गेला, आणि २०१७ मध्यें युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार या कामास मिळाला.

आणि चौथा मार्ग? तो पुण्याच्या मंडईजवळ दिसतो. गंगाधरपंत पाठक यांनीं १९१५ मध्यें काढलेलें आर्यन हें पुण्यांतील पहिलें कायमचें चित्रगृह. सन १९८३ मध्यें तें बंद होऊन पाडलें गेलें. त्या जागीं वाहनतळ झाला. गाड्यांस जागा हवी हें कोणीही नाकबूल करणार नाहीं. पण ज्या जागेंत दोन पिढ्या एकत्र हंसल्या व रडल्या, त्या जागेंत आतां फक्त गाड्या विसांवतात, ही गोष्ट मनाला चाटून जातेच.

आतां व्यवहाराकडे वळूं. चित्रगृहाचें कलागृह करणें म्हणजे नुसता रंग देऊन नवी पाटी लावणें नव्हे. पडद्यापुढें बहुधा चार हात जागा असते. नाटकास खोल रंगमंच, बाजूंचे विंग व रंगपटाच्या खोल्या लागतात. चित्रगृहाच्या भिंती आवाज शोषून घेतील अशा केलेल्या असतात, कारण तेथील बोलणें कर्ण्यांतून येतें आणि तें घुमतां कामा नये. पण तंबोऱ्याच्या सुरास थोडा घुमारा हवा असतो. त्यावांचून गाणें कोरडें वाटतें. म्हणून भिंतींवरील अस्तर कोठें ठेवावें व कोठें काढावें, हें जाणत्याकडूनच ठरवून घ्यावें. खुर्च्या कमी कराव्या लागतात, स्वच्छतागृहें वाढवावीं लागतात, आणि म्हाताऱ्या माणसांस चढतां येईल अशी उतरण करावी लागते.

सर्वांत अधिक जपावयाचें तें आगीस. पूर्वींच्या फिती क्षणांत पेट घेत, म्हणून यंत्राची खोली जाड भिंतींची व लोखंडी झडपांची बांधीत. ती भीति गेली. परंतु जुनें लांकूड, जुने पडदे व जुन्या विजेच्या तारा राहिल्या. शाहू महाराजांच्या काळांत, १९१५ मध्यें उभें राहिलेलें कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीनें भस्म झालें; दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षें जपलेलें एका रात्रींत जातें. म्हणून पहिला रुपया नक्षीवर न घालतां छपरावर, तारांवर आणि बाहेर पडण्याच्या दारांवर घालावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. गांवांत दवाखाना नीट नसतां, शाळेचें छप्पर गळत असतां, चित्रगृहास पैसे कां द्यावे? याचें उत्तर असें कीं प्रत्येक जुनें चित्रगृह राखलेंच पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. ज्याची इमारत खिळखिळी झाली आहे, ज्याभोंवतीं वस्तीच राहिली नाहीं, तें गेलें तर जावो. परंतु जें भक्कम आहे आणि ज्याच्या चार गल्ल्यांत माणसें राहतात, तें पाडून तितकेंच मोठें सभागृह पुन्हा बांधावयाचें म्हटलें तर त्याहून अधिक खर्च येतो. आणि बहुधा तें पुन्हा बांधलें जातच नाहीं.

आमच्या मतें खरा धोका निराळाच आहे. जुन्या चित्रगृहांत चार आण्यांच्या तिकिटावर हमाल बसे आणि वर सज्जांत प्राध्यापक बसे. दोघांच्याही डोळ्यांपुढें एकच चित्र असे, आणि दोघेही एकाच ठिकाणीं हसत. आपल्या समाजांत असें एकत्र बसण्याच्या जागा किती थोड्या होत्या, हें निराळें सांगावयास नको. आतां अशा वास्तूचें सुंदर कलाकेंद्र झालें, दिवे झगमगले, आणि तिकीट हजार रुपयांचें झालें, तर भिंती वांचल्या पण चित्रगृह मेलें असेंच म्हणावें लागेल. आपण सुशिक्षित मंडळी शास्त्रीय गायनाच्या बैठकीस पहिल्या रांगेंत बसूं, आणि मागल्या गल्लींतील ज्यांची ती जागा पूर्वीं होती तीं माणसें रस्त्यावरून दिवे पाहत जातील. तेव्हां कोणत्याही कलाकेंद्राची परीक्षा तेथें कोण गातें यावरून न करतां, तेथें कोण येऊन बसतें यावरून करावी. महिन्यांतून चार दिवस बैठकी होवोत. पण चार दिवस भजनी मंडळ, शाळेचें संमेलन, हौशी नाटकमंडळी आणि थोड्या पैशांत दिसणारा जुना चित्रपट यांचेही असावेत. महागड्या तिकिटाच्या उत्पन्नांतून स्वस्त तिकिटाची तूट भरून काढावी.

आपल्या वस्तींत असें एखादें बंद चित्रगृह असेल, तर एका कुटुंबास काय करतां येईल? पुष्कळ करतां येईल. घरांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जुनीं तिकिटें, जाहिराती, छायाचित्रें मुलांकडून गोळा करवावींत. इमारत दुरुस्त करतांना हींच कामास येतात. मालकाकडे तक्रार घेऊन न जातां दहा घरांचीं माणसें मिळून विचारणा करावयास जावीं. त्याला भाडें मिळत असेल तर पाडण्याची घाई तो कदाचित् करणार नाहीं. मग विश्वस्त संस्था रीतसर नोंदवावी, अभियंत्याकडून इमारत तपासून घ्यावी, आणि वर्षाची वर्गणी घरामागें ठरवावी. ही वर्गणी लहान असली तरी चालेल; ती नियमित असावी. आणि या संस्थेंत आपल्याच आळीचीं नव्हे, तर पलीकडच्या आळींचींही माणसें पहिल्या दिवसापासून असावींत.

फाळक्यांचा हरिश्चंद्र जेथें प्रथम दिसला ती जागा राखणें त्या पिढीच्या हातून झालें नाहीं. त्यांना ठपका देऊन आतां कांहीं उपयोग नाहीं. आपल्या पेठेंतील कुलूपबंद दाराची किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी मात्र या आठवड्यांतच करतां येण्यासारखी आहे.